उजवा वरचा कोपरा

१

नावाडी दत्तोबा पाण्यानं मेला नाही. पाण्यानं त्याला जन्मभर सांभाळलं होतं. त्याला माणसानं मारलं, आणि तेही पाठीमागून.

भिगवणच्या खालच्या अंगाला एप्रिलात उजनीचं पाणी मागं सरतं. चिखला-वाळूची बेटं उघडी पडतात. सकाळी जाळी ओढायला गेलेल्यांना त्यातल्या एका बेटालगत दत्तोबाची होडी एकटीच हेलकावे खाताना दिसली. आत दत्तोबा पालथा पडलेला. डोक्याची मागची बाजू फुटलेली. होडी ढकलायचा बांबू गायब.

त्या बेटावर नदी सुरय पक्ष्यांची वस्ती होती. हे पाखरू अंडी घातल्यावर कुणाला जवळ येऊ देत नाही, थेट टाळक्यात चोच मारतं. त्या दिवशी मात्र मासेमार बेटाला लागले, प्रेत उचललं, आणि डोक्यावर एकही पाखरू आलं नाही. बेट गप्प होतं. ते कुणाच्या मनाला लागलं नाही. माणूस मेल्यावर पाखरांकडं कोण बघतो?

दुपारच्या आत बांबू सापडला. काठच्या लव्हाळ्यात गोणपाटाचा एक आडोसा होता, पक्ष्यांचे फोटो काढायला बसायचा. त्यात तो बांबू टेकवून ठेवलेला, टोकाला रक्त. आडोसा बुद्धभूषणचा. पाहुण्यांना पक्षी दाखवून पोट भरणारा, जुन्या कॅमेऱ्यावर स्वतःही फोटो काढणारा तिशीतला पोरगा. आदल्या दिवशी चारचौघांत धक्क्यावर तो दत्तोबाच्या अंगावर धावून गेला होता. "परत बेटावर होडी घातलीस तर तुलाच पाण्यात घालीन!" असं ओरडला होता.

झालं. विहाराच्या आळीतला पोरगा, त्यात तोंडाचा फटकळ. गावाला आणि पोलिसांना याहून जास्त पुरावा कधी लागला आहे? त्याला धरून नेलं, तेव्हा एकाही माणसानं "का?" म्हणून विचारलं नाही.

त्याची थोरली बहीण प्रियदर्शनी बारामतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिला फोन आला तेव्हा ती वर्गातून नुकतीच बाहेर पडली होती. पलीकडं बाईचा घोगरा आवाज होता.

"ताई, मी सिंधुबाई. दत्तोबाची बायको. तुमच्या भावानं न्हाय मारलं माझ्या मालकाला. पर माझं कोण ऐकतंय?"

२

फौजदार मोहनराव वाईट माणूस नव्हते, असं त्यांच्याबद्दल सगळे सांगत. अशा माणसांचीच जास्त भीती वाटते. वाईट नसलेला माणूस दुसऱ्यानं केलेलं वाईट शांतपणे पाहू शकतो.

"बसा मॅडम. चहा घेणार?"

"भावाला भेटायचंय."

"भेटा की. पण आधी समजून घ्या. तो म्हणतो, पहाटेपासून मी दुसऱ्या काठाला बगळ्यांचे फोटो काढत होतो, आडोशात गेलोच नव्हतो. मी म्हटलं, दाखव फोटो." मोहनरावांनी टेबलावरचा जुना कॅमेरा तिच्याकडं सरकवला. "फोटो आहेत. तारीख बघा."

तारीख होती कुठल्या तरी जुन्या सालातली, एक जानेवारी. कॅमेऱ्याच्या आतली बारकी बॅटरी मेली की घड्याळ तिथंच जाऊन बसतं. बुद्धभूषणला ते माहीत होतं. त्याला पक्षी हवे होते, तारीख नको होती.

"आणि हा बघा, याला म्हणतात फोटो." मोहनरावांनी मोबाइल पुढं केला. पाण्यावर रोहित पक्ष्यांचा, फ्लेमिंगोंचा, थवा, कोवळं सोनेरी ऊन, एकेक पीस मोजून घ्यावं असं. "अविराज सरांचा. दत्तोबा त्यांना नेहमी होडीतून न्यायचा, म्हणून त्यांनाही विचारलं. मूळ फोटो मागितला, त्यांनी लगेच पाठवला. त्या सकाळी सूर्य उगवताना ते तिकडं खाली पळसदेवच्या काठाला होते. तारीख आहे, वेळ आहे. नंतर हायवेवरच्या टपरीवाल्यानंही त्यांना पाहिलंय."

"नंतर पाहिलंय. उगवताना नाही."

"उगवताना हा फोटो आहे ना."

बुद्धभूषणला बाहेर आणलं. तो एक पाय ओढत चालत होता. बहिणीला बघून त्यानं तो पाय नीट टाकायचा प्रयत्न केला, त्यातच तिला सगळं कळलं.

"भांडण कशावरनं झालं रे?"

"पाखरांवरनं. बेटावर लोकं उतरवायचा त्यो, त्ये मला उशिरा कळलं. मी वरडलो. पर रातीला माझ्याकडं आला, ताई. रडला. म्हणला, तुझंच खरं हाय. उद्या मी सांगून टाकतो सगळं."

"काय सांगणार होता? कुणाबद्दल?"

"त्ये न्हाय बोलला." मग तो हळूच म्हणाला, "मी न्हाय न्हाय म्हणतोय. पर किती येळ म्हणू?"

मोहनराव उठले. "उद्या सकाळी कोर्टापुढं न्यायचाय. तोवर तो लिहून देईल, मॅडम. देतातच."

३

प्रियदर्शनीनं पहिल्यांदा गाठलं रामला. भिगवणच्या मासळी बाजारातला व्यापारी. दत्तोबाचा आणि त्याचा जाळ्यांवरून जुना दावा, एकमेकांची जाळी कापण्यापर्यंत गेलेला. तो बर्फाच्या पेटीवर बसून होता.

"या मॅडम. माझ्यावर ढकलायला आलाय व्हय?"

"तू कुठं होतास तेवढं सांग."

"हितं. लिलावात. बोली मी लावतो, सारा बाजार माझ्या नावानं शिव्या घालत असतो. शंभर माणसं सांगतील." तो थुंकला. "दत्तोबा माझा वैरी हुता, पर मर्द हुता. गेल्या आठवड्यात हितं आला, म्हणला, रामा, तुझी जाळी मीच कापली हुती, चुकलं माझं. मी म्हणलं, दारू सोडलीस का धरलीस? डोळे असे झालेले... माणसाचे नव्हते त्ये. कायतरी बघून आला हुता त्यो."

"काय?"

"त्याच्या बायकोला इचारा. मला मासं इकायचंत."

सिंधुबाई दारातच बसली होती. आत बाया होत्या, तिनं प्रियदर्शनीला आत नेलं नाही, मागच्या अंगणात नेलं.

"बेटावर खुरटी झुडपं हायती. सुरय त्याच्याच सावलीला अंडी घालती," ती म्हणाली. "एक सायब हुता. त्याला फोटूत काडी आडवी आलेली चालत न्हवती. म्हणला, दत्तोबा, ती फांदी छाट, मागचं चित्र साफ पायजे. ह्यांनी छाटली. पैलं एक झुडूप, मग समदीच. फोटू झाले, निघून आले. दुसऱ्या दिवशी गेले तर..." ती थांबली. "उन्हानं पिल्लं भाजली हुती, ताई. वाळूवर चिकटलेली. आईबाप पाखरांनी बेट सोडलं. घरी येऊन जेवले न्हाईत. म्हणायचे, मी हातानं सावली कापली."

बेट गप्प का होतं ते प्रियदर्शनीला आता कळलं.

"आणि त्या सकाळी?"

"सायबाला भेटून तोंडावर सांगणार, आन मग वनखात्याच्या हापिसात जाणार हुते. त्या फोटूला कसलं तरी मोठ्ठं बक्षीस मिळायचं हुतं म्हणं."

"साहेबाचं नाव?"

"नाव कधी घेतलं न्हाय. सायबच म्हणायचे. मोठ्या नळीचा कॅमेरा."

"सगळ्यांचाच मोठ्या नळीचा असतो, सिंधुबाई."

"व्हय." ती म्हणाली. "पर ह्याचा एक नखरा हुता. पाखरू फोटूत डाव्याच अंगाला पायजे. थवा कुठं बी जाऊ दे, दर येळी पल्याड वळसा घालून होडी न्यायची. हे वैतागायचे. म्हणायचे, उजव्या अंगाला काय ह्याचा बाप मेलाय का?"

४

बारामतीतल्या एका हॉलमध्ये त्याच संध्याकाळी दत्तोबाच्या होडीतून नेहमी जाणाऱ्या अविराजच्या छायाचित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं. त्याच्या घराण्याचं तालुक्यात वजन होतं, त्यामुळं दारात गाड्यांची रांग होती. ज्यांना चिमणी आणि साळुंकी वेगळी ओळखता येत नाही ते लोक भिंतीपुढं मान कलती करून उभे होते.

प्रियदर्शनी एकेक चित्र बघत गेली. तिसऱ्या चित्राशी तिची पावलं संथ झाली. दहाव्याशी थांबलीच.

प्रत्येक चित्रात पक्षी डावीकडं. बगळा डावीकडं, घार डावीकडं, सुरय डावीकडं. उजवीकडं मोकळं पाणी, मोकळं आभाळ.

"ही माझी शैली आहे," पाठीमागून आवाज आला. पांढऱ्या सदऱ्यातला अविराज, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. स्वतःच्या प्रदर्शनातही तो ती खाली ठेवत नव्हता. "रिकामी जागा बोलते. तुम्ही...?"

"बुद्धभूषणची बहीण."

त्यानं बॅगेचा पट्टा सावरला. "वाईट झालं. चांगला गाइड होता. पण राग, मॅडम. त्या पोरांना राग आवरत नाही."

"त्या म्हणजे कुठल्या?"

तो नुसता हसला. "शेवटचं चित्र बघून जा. दत्तोबासाठी लावलंय."

शेवटच्या भिंतीवर सगळ्यांत मोठं चित्र होतं. तोच रोहितांचा थवा. चौकटीला हार घातलेला आणि खाली पाटी: 'दत्तोबास. ज्या सकाळी तू गेलास.'

प्रियदर्शनीनं पाटी पुन्हा वाचली. माणूस मारून त्याच्या नावानं हार घालायला काळीज लागत नाही, माज लागतो. पण नुसत्या रागानं भाऊ सुटणार नव्हता. ती चित्राच्या अगदी जवळ गेली. वर्गातल्या पोरांना ती सांगायची तसंच केलं: मधे बघू नका, कडा बघा.

थव्यातले पक्षी एका ओळीत उभे होते. उजवीकडचे वरचे पक्षी काचेसारखे स्वच्छ. डाव्या वरच्या कोपऱ्यातले, तेवढ्याच अंतरावरचे, पुसटलेले. नुसते धूसर नव्हते. प्रत्येकाच्या कडेला एक शेपटी फुटली होती, ओल्या शाईवर बोट फिरवावं तशी.

ती मागं वळली. जवळजवळ धावत पहिल्या भिंतीपाशी गेली. लव्हाळ्यातल्या बगळ्याचं एक चित्र होतं, त्याचा वरचा कोपरा पुरता कापला गेला नव्हता. तिथंही शेंड्यांना तशाच शेपट्या. पण त्या उजव्या वरच्या कोपऱ्यात होत्या.

आणि हारवाल्या चित्रातला मुख्य पक्षी? तो उजवीकडं होता.

दारात गडबड झाली. फौजदार मोहनराव पाहुणे म्हणून येत होते. प्रियदर्शनी सरळ त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"साहेब, खुनी या हॉलमध्ये आहे."

५

"मॅडम, तमाशा नको," मोहनराव दबक्या आवाजात म्हणाले.

"दोन प्रश्न विचारते. मग मला धरून न्या, भावाशेजारी बसवा." ती अविराजकडं वळली. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. "सर, हारवाल्या चित्रात तुम्ही काही बदल केलाय?"

"एक केस इकडचा तिकडं नाही. कापलेलंसुद्धा नाही. पोलिसांना मूळ हवं होतं, मी मूळ दिलं."

"आणि ही सगळी चित्रं एकाच लेन्सनं काढलीत?"

"एकाच. शंभरात एखादी अशी निर्दोष निघते. मी तिच्यावर भाषणं दिलीत."

"निर्दोष नाही ती. कधीतरी हातातून पडलीय. आतली एक काच जागेवरून सरकलीय. म्हणून उजव्या वरच्या कोपऱ्यात प्रत्येक गोष्टीला शेपूट फुटतं. तुम्हाला माहीत आहे. म्हणून पक्षी डावीकडं घेता आणि तो कोपरा कापून टाकता. शैली-बिली काही नाही, झाकपाक आहे."

कुणीतरी हसलं. अविराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खुनाच्या आरोपानं नव्हत्या झाल्या, या वाक्यानं झाल्या.

"समजा असेल," तो म्हणाला. "त्याचा इथं काय संबंध?"

"लेन्सचा दोष जागा बदलत नाही. जन्मखूण रोज गाल बदलते का? मग हारवाल्या चित्रात तो डाव्या कोपऱ्यात कसा गेला?"

मोहनराव पुढं झाले. दोन्ही चित्रं त्यांनी आळीपाळीनं पाहिली. नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन पाहिली.

अविराज मात्र आता शांत झाला होता. "अभ्यास चांगला आहे, मॅडम. पण फोटोग्राफी कमी पडली. पाण्याच्या पातळीवरून फोटो घ्यायचा तर ट्रायपॉडच्या खाली कॅमेरा उलटा टांगतात. त्या सकाळी तसाच टांगला होता. कॅमेरा उलटा, तर उजवं डावं होणारच. विचारा कुणालाही."

दोन-तीन कॅमेरेवाल्यांनी माना डोलावल्या. मोहनरावांनी सुस्कारा सोडला. अविराज खरं बोलत होता. कॅमेरा खरंच तसा टांगतात, भावानंच प्रियदर्शनीला एकदा दाखवलं होतं.

तिनं डोळे मिटले. वर्ग आठवला, फळा आठवला. मग टेबलावरचं प्रदर्शनाचं पत्रक उचललं आणि त्याचा उजवा वरचा कोपरा दुमडला.

"मोहनराव, हे धरा. दुमडलेला कोपरा कुठं आहे?"

"उजवीकडं वर."

"आता अविराज सरांचा कॅमेरा उलटा टांगा. म्हणजे कागद फिरवून वरची बाजू खाली करा."

मोहनरावांनी कागद फिरवला. दुमड डावीकडं आली, पण खाली गेली.

"डावीकडं... खाली," ते म्हणाले.

"चित्रात शेपट्या कुठं आहेत?"

"डावीकडं वर."

"आता कागद पहिल्यासारखा सरळ धरा आणि त्या काचेच्या दारात त्याचं प्रतिबिंब बघा."

मोहनराव दारापाशी गेले. बराच वेळ तिथंच उभे राहिले. काचेतल्या कागदाची दुमड डावीकडं होती, आणि वर होती.

"कॅमेरा सरळ धरा, उलटा टांगा, डोक्यावर उभे राहून फोटो काढा," प्रियदर्शनी म्हणाली, "आडव्या चौकटीत दोष त्या कोपऱ्यात जाऊच शकत नाही. तो एकाच रीतीनं जातो. फोटो काढल्यावर कॉम्प्युटरवर आरशासारखा उलटवला तर. आणि उलटवायचं कारण? पळसदेवच्या काठाला उभं राहिलं की पाणी उत्तरेला. सकाळचं ऊन उजवीकडून येतं, संध्याकाळचं डावीकडून. यांनी कुठल्या तरी संध्याकाळचा फोटो घेतला, उलटवला, सकाळ झाली. तारीख-वेळ बदलणं तर पोरखेळ आहे. माझ्या भावाचं घड्याळ बंद होतं म्हणून तो खोटा. यांचं हवं तसं फिरतं म्हणून हे खरे."

"कोपरा कापायला काय झालं होतं यांना?" मोहनरावांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"कापला असता तर मूळ राहिलं नसतं. तुम्ही 'मूळ' मागितलं ना. प्रामाणिक दिसायला त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण चौकट दाखवली." ती अविराजकडं वळली. "बॅगेतली लेन्स काढा. समोर विटांची भिंत आहे. एक फोटो घ्या. दोष उजव्या वरच्या कोपऱ्यात नसला तर सगळ्यांसमोर तुमचे पाय धरते."

अविराजनं बॅग छातीशी धरली. मोहनरावांनी हात पुढं केला.

"द्या सर."

"मोहनराव, कुणाशी बोलताय लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे म्हणून सर म्हणतोय. द्या."

त्यानं बॅग दिली नाही. तो खाली बसला, स्वतःच्याच चित्रांच्या भिंतीला टेकून.

"मी त्याला पाच वर्षं काम दिलं," तो म्हणाला. "पाच वर्षं. आणि त्या सकाळी काठावर मला सांगतो, साहेब, पिल्लं मेली, मी नाव घेणार. पिल्लं! दरवर्षी हजार मरतात, कुत्री खातात, कावळे खातात. माझं ते चित्र जगात गेलं असतं. एक काडी नव्हती त्यात, एक डाग नव्हता. तो पाठ फिरवून होडीकडं निघाला. मी फक्त थांब म्हटलं. तो थांबला नाही."

"आणि बांबू?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"त्याला होडीत टाकला, होडी ढकलून दिली. बांबू हातात राहिला." त्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही. "आडोसा जवळ होता. भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं. तुमच्या भावाचं काय, सुटलाच असता कधीतरी."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात पंखा फिरत होता आणि मोहनराव फार गोड बोलत होते. अविराजच्या कॉम्प्युटरवर मूळ चित्र मिळालं होतं, आदल्या आठवड्यातल्या एका संध्याकाळचं. रोहित डावीकडं, ऊन डावीकडून.

सिंधुबाई बाहेर पायरीवर येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

बुद्धभूषणला आणलं. आता त्याला पाय नीट टाकल्याचं सोंगही जमत नव्हतं. प्रियदर्शनीनं त्याच्या काखेत हात घातला. त्याचं अंग तापलं होतं.

"चला, संपलं एकदाचं," मोहनराव म्हणाले. "होतं असं. आम्हीपण माणसंच. इथं एक सही कर आणि घरी जा. दत्तोबाच्या बाईनंसुद्धा चहा घेतला नाही बघा, तुझी वाट बघतीय."

"कशावर सही?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"नेहमीचं असतं. चौकशीत सहकार्य केलं, मारहाण झाली नाही, काही तक्रार नाही. इतकंच."

ती तोंड उघडणार तेवढ्यात भावानं तिचा हात दाबला. त्यानं पेन घेतलं. मोहनराव खुर्चीत मागं रेलले.

बुद्धभूषणनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. सावकाश, ओठ हलवत. मग पेनाला टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं.

"तक्रार हाय," तो म्हणाला.

"अरे, घरी जायचंय ना तुला?"

"जायचंय की." तो पाय ओढत भिंतीकडच्या बाकापाशी गेला, जिथं त्याला पहिल्या दिवशी बसवलं होतं. तिथंच बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. "लिवून घ्या. मग जातो."

प्रियदर्शनी त्याच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं सिंधुबाई पायरीवरून उठली, पदर सावरत आत आली आणि बाकावर जागा करायला सांगितली.